राखीव नमुना

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका खवटपणाचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या पुण्यात झाला नाही, आणि पुण्यात खवटपणाला कधीच तोटा नव्हता हे लक्षात घेतलं तर ही काही लहानसहान गोष्ट नाही. माणसांच्या खवटपणाबद्दल म्हणत नाहीये मी. त्या बाबतीत काका स्वतःच कसबा पेठेत पहिल्या पाचांत आले असते. मी म्हणतेय ते तेलाच्या, तुपाच्या, शेंगदाण्याच्या, सुक्या खोबऱ्याच्या खवटपणाबद्दल. डब्याच्या तळाशी राहिलेल्या चिवड्याला जो जुनाट, घशात खवखवणारा वास येतो ना, तो काकांचा जन्माचा वैरी. लोणी काळभोरच्या पुढे एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात प्रयोगशाळेत काढली. त्या सगळ्या वर्षांत या एका वासाशिवाय त्यांनी दुसऱ्या कशाचा म्हणून राग धरला नाही, असं काकू म्हणायच्या. आणि लगेच पुढे म्हणायच्या, "पण तेवढा मला पुरला."

देवाने काकांना डोळे बेताचे दिले, कान त्याहून बेताचे, आणि राहिलेलं सगळं नाकात घातलं. मी शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी दमून घरी यावं, कढईत उरलेल्या तेलातच चार पापड तळून घ्यावेत, तर जिन्यातून आवाज यायचा, "परवाच्या पुऱ्यांचं तेल आहे ते." हा प्रश्न नसायचा, निकाल असायचा. एकदा आम्ही सगळे एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत गरमागरम भजी आली. काकांनी एक उचलून नाकाशी नेलं, परत पानात ठेवलं, आणि हात जोडून विचारपूस करत फिरणाऱ्या वधूपित्याला म्हणाले, "अभिनंदन. कार्य छान झालं. पण हे तेल या लग्नातलं नाही." बिचारा वधूपिता! त्याने आचाऱ्याला बोलावलं, तर आचारी खाली बघत कबूल झाला, की आदल्या दिवशीच्या मुंजीतलं आहे. त्या घराण्यातल्या पुढच्या एकाही कार्याची पत्रिका काकांना आली नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही. तेल तर बदललं ना त्यांनी, एवढंच म्हणाले.

मग बाजार खुला झाला, आणि काकांच्या आयुष्यात वसंत ऋतू आला. वाण्याच्या पोत्यांच्या जागी चकचकीत पाकिटं आली, थंडगार हवेची मोठाली दुकानं आली, आणि प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आत काय काय आहे ते छापून येऊ लागलं. आपण ती नावं वाचून दचकतो. काका भिंग घेऊन वाचायचे आणि फुलून जायचे. "तीनशे एकोणीस आहे यात!" असं ते अशा काही कौतुकाने म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं यांचा भाचाच बोर्डात आलाय. तीनशे एकोणीस, तीनशे वीस, तीनशे एकवीस हे तेल नासू न देणाऱ्या तीन रसायनांचे आकडे. नावं लांबलचक, म्हणून काका आकड्यांनीच हाक मारायचे. अशाच एका दुकानात ते दोन तास नुसतं वाचतच उभे राहिले, तेव्हा पहारेकऱ्याने येऊन विचारलं, काका, काही घ्यायचंय का? काका म्हणाले, "नाही. तपासणी चालू आहे." पहारेकऱ्याला ते कुणी सरकारी साहेब वाटले आणि त्याने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. तेव्हापासून ते त्या दुकानात दर गुरुवारी जाऊ लागले.

त्या रसायनांचा गुण त्यांनी मला जसा समजावला तसा मी पुढे कित्येक मुलांना समजावला. तेलाची आणि हवेची गाठ पडली की हवा तेलाला छळते आणि तेल नासतं. हे रसायन मध्ये उभं राहतं आणि तेलाच्या वाटचा मार आपण खातं. ते संपेपर्यंत तेल शाबूत. मी विचारलं, पण काका, आपल्या पोटाला ते बरं का? तर म्हणाले, नियमात सांगितलंय तेवढं घातलं तर घाबरायचं कारण नाही, आणि मुठीने घातलं तर मीठसुद्धा बरं नव्हे. उंदरांना खच्चून चारलं तेव्हा त्यांच्या पोटात गाठी झाल्या हे खरं, पण पोटाच्या ज्या भागात झाल्या तो भाग माणसाला नसतोच. शास्त्रज्ञ यावर अजून भांडतायत, भांडोत बापडे, ते त्यांचं कामच आहे. खवट तेल खाणं मात्र बरं नव्हे, यावर कुणाचं भांडण नाही.

त्यामुळे 'नैसर्गिक' हा शब्द ऐकला की काकांचं डोकं फिरायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फराळाचं दुकान होतं. तिथल्या बाईंनी नवी पाटी लावली, 'आमच्या चिवड्यात कोणतेही रसायन नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखाली खडूने लिहिलेलं होतं, 'मीठही नाही?' त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याखाली रंगाने, 'मीठ आहे. नाक खुपसणाऱ्यांसाठी चिवडा नाही.' गल्लीतले लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती पाटी वाचायला जायचे. काका मात्र जाता-येता तिथे थांबून एक दीर्घ श्वास घ्यायचे आणि बाईंना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायचे, "अजून चार दिवस जाईल." बाई पाचव्या दिवशी निमूटपणे नवा घाणा काढायच्या. त्यांच्या चिवड्याचं पुढे नाव झालं त्यात काकांचा वाटा आहे, पण दोघांपैकी कुणीही ते मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

निवृत्त झाल्यावर काकांनी प्रयोगशाळा घरी आणली. म्हणजे 'वास मंडळ' स्थापन केलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला वरच्या दिवाणखान्यात हजर राहायचं. त्याआधी चहा नाही, उदबत्ती नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. काकूंनी देवपूजासुद्धा नंतर करायची. समोर झाकलेल्या तीन वाट्या. दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी कोणती ते नुसतं हुंगून सांगायचं. माझं अक्षर बरं म्हणून वहीत नोंदी करायला मी. दुसरे सभासद आमचे हे. यांना बारा महिने सर्दी, गॅस गळत असला तरी कळायचं नाही. मी काकांना म्हटलं, यांना कशाला घेता? तर म्हणाले, "तुमच्या यजमानांची फार गरज आहे. ज्या दिवशी यांनाही वास येईल, त्या दिवशी तो माल खड्डा खणून पुरायचा." हे ऐकून आमचे हे आठवडाभर छाती काढून फिरत होते. तिसरे सभासद तळमजल्यावरचे अत्तरवाले चाचा. तीन पिढ्यांचं दुकान, काकांच्या तोडीस तोड नाक अख्ख्या पेठेत एकट्या त्यांचं. पण अंगालाच गुलाब, खस, मोगरा असा सगळा वास, म्हणून त्यांना दिवाणखान्यात यायला बंदी. ते दाराबाहेर जिन्यात दोन पायऱ्या खाली बसायचे आणि वाट्या त्यांच्याकडे बाहेर जायच्या. "काका, माझ्या दुकानात माझं नाक चालतं आणि तुमच्या घरात चपलांशेजारी बसतं," असं ते दरवेळी म्हणायचे, आणि दरवेळी उत्तर बरोबर द्यायचे.

कारखान्यातली आणखी एक रीत काकांनी घरी आणली होती, ती म्हणजे राखीव नमुना. कारखान्यातून माल बाहेर गेला की त्यातलाच एक डबा तारीख घालून आपल्याकडे ठेवायचा. जसा तिकडे बांधला तसाच इकडे बांधायचा, आणि मध्ये उघडायचा नाही. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तो उघडून बघायचा, म्हणजे त्याच्या हातात काय पडलंय ते इथे बसून कळतं. आता घरात गिऱ्हाईक कोण? तर अनु, काकांची एकुलती एक लेक. ती संगणकाचं शिकली, हिंजवडीत नोकरीला लागली, आणि कंपनीने अमेरिकेला पाठवलं ती लग्न करून तिथेच राहिली. दर दिवाळीला तिला काकूंच्या चकल्या जायच्या. काका सोनाराच्या काट्यावर तीनशे वीस नंबर तोलून, नियमाच्या आत राहील इतकाच, तेलात घालायचे. डबा रवाना झाला की तसाच दुसरा डबा फडताळात वरच्या फळीवर बसायचा. ज्या दिवशी अनुचा फोन यायचा, "मिळाल्या बाबा, एकदम ताज्या आहेत," त्या दिवशी आमचं मंडळ जमायचं, राखीव डबा उघडला जायचा, आम्ही हुंगायचो, मी वहीत 'पास' लिहायची. मग काका चकल्या घेऊन खिडकीत बसायचे. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, "नमुना तपासायला एक चकली पुरते गं. हे चार खातात. तीही तिकडे चारच खाते."

तिसऱ्या वर्षी अनुला दिवस राहिले, आणि तिथेच सगळं बिनसलं. तिने कुठेसं वाचलं, की तीनशे वीस नंबरने उंदरांना कर्करोग होतो. तिने काकांना लांबलचक ईमेल लिहिली, की बाबा, यंदा ते घालू नका, मला भीती वाटते. काका कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले, ती वाचली, आणि एका बोटाने अर्धा तास खपून इंग्रजी अक्षरांत चार शब्दांचं उत्तर धाडलं, "तू उंदीर नाहीस. बाबा." आता तुम्हीच सांगा, पोटुशी लेकीला कुणी असं लिहितं का? पण काकांना वाटलं आपण शास्त्र सांगितलं. आणि लेक कुणाची? तिचं उत्तर आलं, "हो, म्हणूनच मला नको म्हणता येतं. यंदा फराळ पाठवू नका."

झालं! त्यानंतर रविवारचा फोन यायचा तो काकूंसाठी. बाबा कसे आहेत, असं अनु विचारायची, पण बाबांना फोन दे म्हणायची नाही. काका शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले असायचे. दोन महिने असे गेले. काकूंनी दोघांना समजावून बघितलं आणि मग तोंडाला कुलूप लावलं. गणपती उठल्यावर एका संध्याकाळी काका खाली आमच्याकडे आले. कढईत कालचं तेल होतं, मी कुरडया तळत होते, आणि काका काही बोललेच नाहीत. माझ्या काळजात चर्र झालं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपल्या म्हणण्यात चूक नाही. पण तिला शंका आहे. तेलात काय किती चालतं ते पुस्तकात आहे. आईच्या मनात शंका किती चालते, ते कुठल्याच पुस्तकात नाही." मग उठले आणि जाताना दारातून म्हणाले, "तेल कालचं आहे." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काकूंनी फोनवर रदबदली केली आणि अनु एवढं म्हणाली, की काहीच घातलेलं नसेल तर पाठवा. मग काय विचारता! जन्मभर ज्या रसायनाची पाठराखण केली त्याच्याशिवाय चकली अमेरिकेला धाडायची, म्हणजे काकांच्या दृष्टीने पोरीला छत्रीशिवाय पावसात पाठवण्यासारखं. घाण्यावर उभं राहून त्यांनी समोर तेल काढून घेतलं. काकू तळत असताना कढईत तापमापक धरून बसले, तेव्हा काकूंनी झाऱ्याने त्यांचा हात बाजूला केला. उजेडानेही तेल नासतं म्हणून डब्याला काळा कागद. हवा तर नकोच, म्हणून चकल्यांच्या पिशवीत नळी घालून आतली हवा तोंडाने ओढून घ्यायचं काम आमच्या यांना. चोंदलेलं नाक, त्यात तोंडाने हवा ओढायची. यांचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले, आणि जिन्यातून चाचा ओरडले, "अहो, माणूस आधी वाचवा, चकली मग."

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? अनुची खात्री पटावी म्हणून त्यांनी डब्यावर इंग्रजीत एक कागद चिकटवला. वर मथळा, 'यात पुढील पदार्थ नाहीत', आणि खाली, आकडे नव्हे, पूर्ण शास्त्रीय नावांनिशी, एकवीस रसायनांची यादी. मी म्हटलं, काका, ज्या घरात चोरी झालीच नाही त्याच्या दारावर चोरांची यादी कशाला लावता? काका म्हणाले, "तिला वाचून बरं वाटेल." डबा कुरियरवाल्याकडे गेला. त्याने पत्त्याची आणि रेघारेघांची मोठी चिठ्ठी काढली, कोरी जागा शोधली, आणि नेमकी मथळ्यावर चिकटवली. काका, आमचे हे आणि मी, तिघंही तिथेच उभे होतो. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दिवाळी आली आणि गेली, डबा पोचला नाही. मग एक दिवस अनुचा फोन आला, काकूंनाच, पण ती इतक्या मोठ्याने बोलत होती की खाली मला ऐकू आलं. तिथल्या तपासनाक्यावरच्या साहेबाने तिला विचारलं होतं, की बाई, तुमच्या वडिलांनी ही एकवीस रसायनं तुम्हाला कशासाठी पाठवली आहेत? काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडे अनु अर्ज करत होती, खुलासे देत होती, चकली म्हणजे काय ते लिहून पाठवत होती. इकडे काका फडताळासमोर जाऊन उभे राहायचे आणि वरच्या फळीवरच्या काळ्या डब्याकडे बघायचे. उघडायचा नाही हा नियम त्यांचाच. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. काहीही न घातलेली चकली इतके दिवस काय होऊन बसली असेल, ते सांगायला आता नाक लागत नव्हतं. मंडळाच्या बैठका त्यांनी बंद केल्या. मी एकदा म्हटलं, फेकून देतील तिथेच, बरं होईल. तर म्हणाले, "पोचली तर ती म्हणेल, बाबा म्हणत होते ते खरं. मला ते खरं व्हायला नकोय."

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी फोन वाजला. काकूंनी उचलला, ऐकलं, आणि काकांपुढे धरला. सहा महिन्यांनी बाप-लेक बोलत होते. आम्ही सगळे वर धावलो, चाचा त्यांच्या पायरीवर. "डबा मिळाला बाबा," अनु म्हणत होती, "आत्ताच उघडला. दोन खाल्ल्यासुद्धा." काकांनी विचारलं, "वास?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ती म्हणाली, "ताज्या आहेत बाबा. आत्ता तळल्यासारख्या."

काकांनी मला खूण केली. मी राखीव डबा उतरवला, काळा कागद फाडला, पिशवी कापली. अगं बाई, काय सांगू तो वास! रंग द्यायच्या तेलाचा, जुन्या बंद पेटीचा, सगळा एकत्र. चाचांनी जिन्यात रुमाल नाकाला लावला. आणि आमचे हे, ज्यांना गॅस कळत नाही, त्यांनी दोन पावलं मागे जाऊन म्हटलं, "मला येतोय हो!" काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते तिथल्या तिथे गप्प झाले.

काकांनी एका हातात फोन तसाच ठेवून डबा नाकाशी नेला. डोळे मिटले. इतका वेळ मी त्यांना कधी हुंगताना पाहिलं नव्हतं. मग फोनमध्ये म्हणाले, "इकडेही तशीच आहे, अनु. अगदी तशीच आहे." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि तेव्हाही ते बोलले नाहीत.

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळले. "लिहा. वास ताजा. निकाल पास." अर्ध्या मार्कासाठी मुलांना रडवणारी मी, मी निमूटपणे लिहिलं. चाचांनी बाहेरून रुमालाआडून कुणी न विचारताच सांगितलं, "काका, माझंही नाक म्हणतंय, पास." काका खिडकीत जाऊन बसले. एक नाही, नेहमीच्या चारही चकल्या त्यांनी खाल्ल्या. काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि त्या शेजारी बसून राहिल्या.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडेच आहे. गेल्या खेपेला अनु तिच्या उंच झालेल्या लेकीला घेऊन आली होती, तिला मी ती वही काढून दिली. हसत हसत पानं उलटत होती, त्या पानावर आल्यावर थांबली. तारीख वाचली, माझं अक्षर वाचलं, त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग हळू आवाजात मला विचारलं, "इकडचा डबाही तसाच झाला होता? म्हणजे बाबांना कळलं होतं?"

मी म्हटलं, "अगं, तुझ्या बाबांचं नाक होतं ते."

मी उठले आणि आतून चकल्यांचा डबा आणला, कालच केल्या होत्या. अनुने एक उचलली, आधी नाकाशी नेली, आणि मग खाल्ली.